डोणीतली चारपानी

आमच्या घरात एक भाजी देवात बसली, आणि त्याला कारण माझं न उघडलेलं तोंड.

भाजीचं नाव चारपानी. तुम्ही ती खाल्ली नसेल. बाजारात येत नाही, शेतात पेरत नाहीत. तळ्याच्या काठाला, घोटाभर चिखलात ती आपली आपण उगवते. दोऱ्यासारखा बारीक देठ, आणि त्याच्या टोकाला चार पानं, कुणीतरी रांगोळी काढावी तशी मांडलेली. खरं नाव काय, ते देव जाणे. (देवाला तरी कुठून माहीत असणार! तो तर पुढे तिच्याच खाली दबून बसला.)

माझं माहेर बसवकल्याणच्या अंगाला, तळ्याच्या काठावरचं गाव. आई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तळ्यात शिरायची आणि ओटी भरून चारपानी आणायची. मी आणि अक्का काठावर बसून तिच्या पायांचे ठसे पाण्यानं कसे पुसतात ते बघत असायचो. घरी आली की तुरीच्या डाळीत ती भाजी पडायची, वर फोडणी, आणि आम्ही दोघी ताट चाटूनपुसून ठेवायचो. आई म्हणायची, "ताटाला भोक पाडताव का गं आता?"

आई गेली. भाऊ हैदराबादला गेला, घर विकलं. तळं बुजवून तिथं प्लॉट पडले. गेल्या वर्षी बसमधून बघितलं, तर आई जिथं भाजी खुडायची तिथं एक मोबाईलचं दुकान होतं. मी खिडकीतून मान वळवून वळवून बघत राहिले. शेजारच्या बाईला वाटलं, मला उलटी येतेय. तिनं घाईघाईनं पिशवी पुढे केली.

मी मुळातच कमी बोलते. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही गुरुजींनी विचारलं की उत्तर मला यायचं, पण तोंडातून निघेपर्यंत गुरुजी पुढच्या पोरीकडे गेलेले असायचे. माझ्या वाटणीचं सगळं बोलणं देवानं अक्काला दिलं. अक्का सोलापूरला असते. ती आमच्याकडे येऊन बोलायला लागली, की शेजारी टीव्हीचा आवाज बंद करतात, नीट ऐकू यावं म्हणून.

तर उन्हाळ्यात एकदा तिचा फोन आला.

"सुशे, काय करायलीस?"

"भाकरी."

"मला आईच्या चारपानीची लई याद यायलीय बघ. काल सपनात आली."

"आई?"

"भाजी गं! आई भाजी घेऊनच आली की." मग अक्का एकदम गप्प झाली. अक्का गप्प झाली की मला भीती वाटते. जरा वेळानं म्हणाली, "पंचमीला आता जायचं कुठं गं आपण? माहेर तर न्हाईच राहिलं."

आणि मी, आयुष्यात कधी नाही ते, पटकन बोलून गेले, "माझ्याकडं ये पंचमीला. चारपानी करून घालते."

फोन ठेवला आणि माझ्या हातातली भाकरी जळली. आमचं सासरचं गाव आळंदच्या बाजूचं. काळी जमीन, तूर आणि ज्वारी. पाऊस गेला की पायाला भेगा पडाव्यात तशा जमिनीला भेगा पडतात. इथं चिखलातली भाजी आणायची कुठून?

शोध सुरू झाला. न बोलता शोध कसा घेतात ते मला विचारा! मी सगळ्यांच्या न्हाणीमागची ओल बघत हिंडू लागले. एका ठिकाणी तसलाच दोऱ्यासारखा देठ दिसला. पानं मात्र तीन. मला वाटलं, लहान आहे, चौथं पान पुढे येईल. घमेल्यात लावली, रोज पाणी घातलं. दिवसामागून दिवस गेले, घमेलं भरून गेलं, पण सगळी तिपानी!

एके दिवशी आमच्या ह्यांनी घमेल्याजवळ बसून विचारलं, "काय बघत बसतीस गं रोज?"

"चौथं पान यायचंय," मी म्हणाले.

ह्यांनी एक पान तोडून तोंडात टाकलं, आणि चेहरा असा केला, जणू चिंचेच्या झाडानंच थोबाडीत मारली. "अगं, ही आंबुटी हाय! हिला चौथं पान यायचं म्हंजे म्हशीला पाचवा पाय यायचा!"

त्यानंतर जेवताना ताटात काही कमी पडलं की हे म्हणायचे, "असू दे, चौथं पान आलं की वाढ."

खरी चारपानी सापडली ती फार अवघड जागी. हे लिहावं की नाही, असा विचार मी बराच केला. पण हे कोण वाचणार आहे? लिहिते.

बसवकल्याणच्या बाजूला एक लग्न होतं. परत येताना बस पंक्चर झाली. जागा कालव्याजवळची. कालवा गळत होता, त्यामुळे भर उन्हाळ्यात तिथं हिरवंगार होतं. पुरुष टायरभोवती जमले आणि टायरला सल्ले देऊ लागले. बायका इकडंतिकडं बघत एकेक करून बाभळीच्या आड गेल्या. कशाला, ते बायकांना सांगायला नको. मीही गेले. बसले. आणि बघते तर काय, माझ्या समोर, अगदी नाकासमोर, ओल्या वाळूत चार पानं! त्याच्या शेजारी चार पानं! सगळीकडे चारच चार पानं!

ओरडावंसं वाटलं. पण तशा अवस्थेत ओरडले असते तर सगळी बस धावत आली असती.

मी गपचूप दोन्ही हातांनी वाळूचिखलासकट भाजीचे गड्डे उपटले आणि पदरात घेतले. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि कंडक्टर लवकर या म्हणून कानडीत ओरडला, "लगु बर्री, अक्का! लगु बर्री!" मी पदर पोटाशी धरून पळत आले आणि जागेवर बसले.

पदरातला चिखल गळायला लागला. आधी माझं लुगडं भिजलं. मग सीट भिजली. मग पाण्याची एक बारीक धार सीटखालून निघाली आणि बसच्या उताराला लागून पुढे, पुढे, थेट ड्रायव्हरच्या दिशेनं चालली. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं चपला वर घेतल्या. त्याच्या पुढच्यानं पिशवी वर घेतली. मग सगळ्यांनी धार कुठून येते ते बघितलं. धार माझ्यापासून येत होती!

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात ह्यांचा आवाज एवढा मऊ झालेला मी ऐकला नव्हता. "सुशीला, बरं वाटंना का?"

एकच वाक्य बोलायचं होतं: पदरात भाजी आहे. पण अख्खी बस माझ्या तोंडाकडे बघत होती. अख्ख्या बससमोर मी पदर उघडून दाखवू? मी खाली मान घातली. ह्यांना वाटलं, चक्कर आली. त्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली. बसला धक्का बसला आणि ती बाटलीही माझ्या अंगावर सांडली! आता तर काही शंकाच उरली नाही.

मागच्या सीटवर आमच्या शेजारची शांताक्का होती. ती पुढे वाकून माझ्या कानात बोलली. (शांताक्काचं कानात बोलणं म्हणजे देवळातल्या भोंग्याला टॉवेल गुंडाळावा तसं.) "शुगर तपासून घे गं बाई. माझ्या नणंदेला अस्संच व्हायचं."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सुशीलाला साखर आहे. आजतागायत शांताक्काच्या घरी मला बिनसाखरेचा चहा मिळतो. मी पिते.

भाजी घरी आली, आता लावायची कुठं? घमेल्यात लावली, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पिवळी पडली. न्हाणीमागं लावली, साबणाच्या पाण्यानं मान टाकली. थोडेच देठ उरले होते. पंचमी जवळ येत होती. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, की या घरात गोडं, बिनसाबणाचं पाणी रोज कुठं पडतं?

माझे सासरे, अप्पा, रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. पूजेचं ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते अंगणातल्या जुन्या दगडी डोणीत ओततात. पूर्वी तिच्यात बैल पाणी प्यायचे. बैल गेले, ट्रॅक्टर आला, डोणी राहिली. पूजेला अप्पा पावसाचं साठवलेलं गोडं पाणी वापरतात. डोणीला सावली, तळाला ओल, साबणाचा स्पर्श नाही आणि कुणाचा पाय पडायची तर सोयच नाही. मी एका दुपारी अप्पा झोपलेले बघून उरलेली चारपानी तिच्या वाळूचिखलासकट डोणीत ठेवली. विचारायचं होतं. पण अप्पा झोपलेले. उठल्यावर चहा पीत होते. चहा झाल्यावर पेपर वाचत होते. मग राहिलं.

डोणीत चारपानीनं जे अंग धरलं! आषाढात डोणीचा काठ दिसेना. मी येताजाता बघायची. कधी पानांवरून हात फिरवायची. दगडाची डोणी, पण मला तिच्यात ते तळं दिसायचं आणि तळ्यात लुगडं खोचलेली आई. ती मागे वळून बघेल असं वाटायचं. मग आतून हे ओरडायचे, "दूध उतू चाललं!"

भाजी खरीच ती का, याची खात्री करायची म्हणून मी मुलीला, गौरीला फोन लावला. ती कलबुर्गीला हॉस्टेलवर राहून शिकते. तिनं फोनवर बघितलं आणि कुठंतरी शोधून सांगितलं, "आई, हे पाण्यातलं हाय. नेच्याच्या जातीचं. याला फूल येत न्हाई, फळ येत न्हाई. चिखलातल्या चिखलात वाढत जातंय म्हणे."

फोनचा आवाज मोठा होता. मागे अप्पा उभे होते.

"फूल न्हाई?" अप्पा म्हणाले. "फळ न्हाई? बी न लावता आपोआप आलंय? लिंगाच्या पाण्यावर?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात अप्पांनी हात जोडले.

"कशाची आस न्हाई, काही न्हाई. खरं वैरागी झाड बघ, पोरी!"

झालं. संध्याकाळी अप्पा पुन्हा डोणीजवळ गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, या रे सगळे! लवकर या!"

चारपानीची एक खोड आहे. दिवस मावळला की तिची चारही पानं वर मिटतात. आई म्हणायची, "झोपली गं माझी बाई." डोणीतली सगळी पानं मिटली होती.

"हात जोडायलंय!" अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लिंगाला हात जोडायलंय ते! आपण दोन हातांनी नमस्कार करताव, ते चार हातांनी!"

दुसऱ्या दिवशी डोणीला विभूतीचे पट्टे आले. तिसऱ्या दिवशी शांताक्का आली, तिनं पाच बायका आणल्या. त्या पाच जणींनी आणखी आणल्या. आमच्या अंगणात रोज संध्याकाळी, पानं मिटायच्या वेळेला, गर्दी व्हायला लागली. पानं मिटायला लागली की पोरं "मिटली, मिटली!" म्हणून टाळ्या वाजवायची. कुणी म्हणायचं बेलाला तीन पानं, हिला चार, म्हणजे बेलापेक्षा वरची. एका बाईनं डोणीला नवस बोलला, तिची म्हैस व्याली. आता म्हैस काय, दिवस भरले की व्यायचीच! पण मी बोलले नाही.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की अप्पांनी ती भाजी पत्री म्हणून लिंगावर वाहायला सुरुवात केली. तिला कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी अप्पा स्नान करून एक काडी खुडायचे, वाहायचे आणि पूजा झाल्यावर तीच मला प्रसाद म्हणून द्यायचे. "घे पोरी, तुला साखर हाय ना, बरी होईल."

माझ्या आईची भाजी मी एकेक काडी, कच्ची, विभूती लागलेली खात होते. डोणी काठोकाठ भरलेली आणि माझ्या वाटणीला रोज चार पानं! आणि पंचमी आठवड्यावर आली होती.

ह्यांना सांगायचं ठरवलं. जेवण वाढताना मी म्हणाले, "ऐकलं का, ती डोणीतली..."

"मलाबी तेच बोलायचं होतं," हे म्हणाले. "अप्पांनी मठाच्या अय्यांना बोलावलंय. श्रावणी सोमवारी पाद्यपूजा आणि दर्शन. गावजेवण हाय. तू काय म्हणत होतीस?"

"भाकरी देऊ का आणखी?" मी म्हणाले.

अक्का सोमवारीच आली. पंचमी दोन दिवसांवर. अंगणात मांडव, पताका, माणसं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "सुशे, कुणाचं लगीन हाय गं?"

मी तिला ओढत डोणीजवळ नेलं. अक्कानं बघितलं. तिच्या हातातला रुमाल खाली पडला. ती वाकली, चार पानांवरून बोट फिरवलं, अगदी हळू, लेकराच्या भुवईवरून फिरवावं तसं.

"आईची चारपानी," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक, की हा अक्काचा आवाज का, म्हणून मी वळून बघितलं. "एवढी गं? कधी करायची?"

"करता येत न्हाई."

"कामून?"

"देव झालीय."

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. (एक बाभळीची जागा सोडून.) अक्का तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला बघून शांताक्कानं दुसऱ्या बाईला सांगितलं, बघा, दर्शन घेऊन रडायलीय बिचारी. हसता हसता अक्का खरंच रडायला लागली. "समोर दिसायलीय आणि खायला न्हाई. सुशे, ह्यापेक्षा न सापडली असती तर बरं झालं असतं गं."

मला ते फार लागलं.

दिवस मावळताना अय्या, म्हणजे मठाचे स्वामी, आले. म्हातारे, काठी टेकत. पाद्यपूजा झाली. अप्पा त्यांना हाताला धरून डोणीपाशी घेऊन आले. सगळं गाव मागं. पानं मिटत होती.

"स्वयंभू हाय, अय्या," अप्पा म्हणाले. "फूल न्हाई, फळ न्हाई, आणि सांजेला हात जोडतंय."

अय्यांनी चष्मा पुसला. वाकले. एक काडी खुडून नाकाशी धरली. गाव श्वास रोखून उभं. अय्या सरळ झाले, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की ते एकदम लहान पोरासारखे दिसायला लागले.

"सोप्पु!" अय्या म्हणाले. "अप्पा, ही भाजी हाय की! आमच्या बिदरकडं तळ्यात यायची. माझी आई करायची डाळीत. किती वर्षं झाली! कुणी लावली?"

अप्पांचा चेहरा मला बघवेना. एवढा मोठा माणूस, सगळ्या गावासमोर हात जोडून उभा, आणि समोर भाजी! आता तरी बोलायलाच पाहिजे होतं. आणि मी बोलले! माझ्या हिशेबानं मी मोठ्यानं बोलले: "मी लावली."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईलासुद्धा ऐकू गेलं नाही.

पण अक्कानं ऐकलं. आणि मग अक्का बोलली, म्हणजे तिकडं आळंदच्या बाजारपेठेत ऐकू गेलं असेल. "माझ्या धाकट्या बहिणीनं लावलीय, अय्या! आमची आई करायची म्हणून! ती कवापासून सांगायलीय, कुणी ऐकतच न्हाई!"

अप्पा माझ्याकडे वळले. "पोरी, तू लावलीस? मग आधी कामून न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही हात जोडले," मी म्हणाले. खरं तेच होतं.

अप्पा खाली बघत राहिले. तेव्हा अय्यांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लिंगाच्या पाण्यावर वाढलेली भाजी म्हंजे प्रसादच झाला, अप्पा. प्रसाद बघत बसायचा असतोय का? करा की आज डाळीत!"

डोणीभोवती एकच झुंबड उडाली. नवस बोललेल्या बाईनं सगळ्यांत आधी भाजी खुडली.

स्वयंपाक मी केला. अय्यांच्या ताटात, गावच्या पंगतीत जाणारी भाजी! एक खडा गेला तर? मी आणि शांताक्कानं पानन् पान निवडलं. पाणी काचेसारखं दिसेपर्यंत धुतलं. मोठं पातेलंभर डाळ, त्यात चारपानी. शेवटी गाव इतकं होतं, की एकेकाच्या वाट्याला पळीभर आली.

अय्यांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. चावले. डोळे उघडले. "छान झालीय, पोरी," ते म्हणाले. "पण..." आणि तिथंच थांबले. मोठी माणसं वाक्य पुरं करत नाहीत, तुम्हाला रात्रभर जागं ठेवतात.

मी अक्काकडे बघितलं. तिनंही घास घेतला होता. तिनंही थांबून पुन्हा चावलं.

"मीठ?" मी विचारलं.

"मीठ बरोबर हाय."

"लसूण न्हाई घातला, श्रावण म्हणून."

"लसणाचं न्हाई गं ते." अक्कानं ताट खाली ठेवलं. "भाजी तीच हाय. आईची न्हाई. जाऊ दे. त्या घराबरोबर ती चवबी गेली असंल."

पंचमीला लिंबाला झोका बांधला. गावातल्या बाया गाणी म्हणत उंच झोके घेत होत्या. अक्का झोक्यावर बसली, पण पाय जमिनीला टेकवून. एरवी तिचा झोका फांदीला लागायचा. मला तिच्या पायांकडे बघवेना. माझ्याच घरी, माझ्याच शब्दावर आलेली, आणि तिला माहेर काही सापडलं नव्हतं.

मी डोणीपाशी गेले. गावानं ती उजाड करून टाकली होती. तळाच्या वाळूत तुटके देठ आणि कोपऱ्यात थोडी पानं उरली होती. पंचमीला चिरायचं नसतं, तवा ठेवायचा नसतो. पण ही भाजी चिरतच नाहीत आणि डाळ काही तव्यावर होत नाही, अशी मी माझी सोय लावली. जी होती ती मूठभर ओरबाडली. पाहुण्या बाया दारात होत्या, निवडायला सवड नव्हती. एकदा पाण्यात बुचकळली, झटकली आणि डाळीत टाकली.

अक्काला आत बोलावलं. "एक घास खाऊन बघ."

अक्कानं खाल्ला. आणि आवाज आला: कच्च!

वाळू! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "थुंक गं, थुंक! धुतली न्हाई नीट, थांब, मी..."

अक्कानं हात वर करून मला गप्प केलं. ती चावत होती. कच्च, कच्च. तिचे डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी.

"आई," अक्का म्हणाली.

मी एक घास तोंडात घातला. कच्च! आणि मी आमच्या जुन्या चुलीपाशी जाऊन बसले, आईच्या ओल्या लुगड्याला टेकून. आमच्या आईला पोरं सांभाळून, शेत सांभाळून भाजी धुवायला वेळ कुठं होता! आयुष्यभर आम्ही ज्याला आईच्या हाताची चव म्हणत होतो, ती तळ्यातली वाळू होती.

आम्ही दोघी एका ताटात खात होतो, रडत होतो, कचाकचा चावत होतो. "अय्यांनाबी हीच पाहिजे होती बघ," अक्का म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग ती बाहेर गेली आणि तिनं असा झोका घेतला, की लिंबाच्या फांदीची पानं खाली पडली.

तेवढ्यात हे आत आले. दोन बायका रडत रडत भाजी चाटूनपुसून खाताना त्यांनी बघितल्या होत्या, म्हणजे त्या भाजीत काहीतरी विशेष असणार. उरलेला मोठा घास त्यांनी तोंडात घातला आणि जोरात चावला.

आवाज आला, पण हा आवाज वाळूचा नव्हता. दाढेचा होता.

आता डोणी पुन्हा भरलीय. अप्पा पूजा झाली की पाणी ओततात आणि मला हाक मारून सांगतात, "पोरी, तुझ्या माहेराला पाणी घातलं गं!" ते ऐकलं की माझा दिवस बरा जातो. अक्का आता दर पंचमीला येणार आहे. तिकडून फोनवर बजावून सांगते, "धुवू नको बरं का! आईची वाळू हाय ती!"

मी हूं म्हणते.

दाढेच्या डॉक्टरांकडे मी ह्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं, चिमट्यानं एक खडा काढला आणि मला विचारलं, "ही वाळू आली कुठून, बाई?"

ह्यांनी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर तो गळका कालवा आला, पंक्चर झालेली बस आली, आणि बाभळीच्या आड एकेक करून गेलेल्या सगळ्या बायका आल्या. त्या वाळूवर अप्पांनी विभूती लावली होती. तिथल्या पानांवरून अय्यांनी आईची आठवण काढली होती. त्या वाळूच्या चवीत अक्काला माहेर सापडलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या न उघडणाऱ्या तोंडाचा अभिमान वाटला.